अठरा टक्के: कागदावरचे आणि हातातले

१६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पीअर-टू-पीअर (पीटूपी) कर्जाच्या प्लॅटफॉर्मांसाठी सुधारित निर्देश काढले. कर्ज बुडाले तर मुद्दल आणि व्याज दोन्हींचा तोटा कर्ज देणाऱ्याचाच. प्लॅटफॉर्मने खात्रीच्या परताव्याची भाषा करायची नाही, ‘हवे तेव्हा पैसे काढा’ अशी सोय दाखवायची नाही. एका देणाऱ्याचे कर्ज परस्पर दुसऱ्या देणाऱ्याच्या नावे करून पहिल्याला मोकळे करायचे नाही. एस्क्रो, म्हणजे मधल्या विश्वस्ताच्या देखरेखीखालच्या, खात्यात आलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत पुढे गेलेच पाहिजेत. यातले बरेचसे २०१७ च्या मूळ निर्देशांत या ना त्या रूपात होतेच. तरीही पुढच्या काही महिन्यांत या उद्योगाचा व्यवसाय झपाट्याने आकसला आणि मोबाइल अ‍ॅपवरून विकल्या जाणाऱ्या लोकप्रिय योजनांनी नवे पैसे घेणे थांबवले. जुनाच नियम ठणकावून सांगितल्यावर धंदा बसत असेल, तर तो कशाच्या जोरावर चालला होता हे पाहायला हवे. माझ्या मते तो व्याजदराच्या एका गैरसमजावर चालला होता, आणि हा गैरसमज एकट्या भारताचा नव्हे.

व्यवहार समजायला सोपा आहे. एकाला कर्ज हवे आहे, दुसऱ्याकडे पैसे आहेत, आणि मधे बँक नाही. बँकेत आपण ठेव ठेवतो तेव्हा आपले ऋण बँकेवर असते. बँकेने पुढे कोणाला कर्ज दिले आणि ते फिटले की नाही, याच्याशी ठेवीदाराला देणेघेणे नसते. पीटूपीमध्ये कर्ज थेट माणसाला जाते. प्लॅटफॉर्म ओळख करून देतो, अर्ज तपासतो, क्रेडिट ब्युरोचा अहवाल आणि बँकेचे उतारे पाहतो, करार करून घेतो, हप्ते गोळा करतो आणि शुल्क घेतो. पैसे त्याच्या हातात येत नाहीत. ते बँकेने स्थापन केलेल्या विश्वस्त संस्थेच्या देखरेखीखालच्या एस्क्रो खात्यांतून फिरतात. कायद्याच्या दृष्टीने तो दलाल आहे. लोकांनी त्याला बँक समजले, आणि तसे समजू देणे त्यालाही सोयीचे होते.

आता आकड्यांकडे वळू. प्लॅटफॉर्मवर कर्जदाराच्या नावापुढे १८ टक्के लिहिलेले असते. वाचणारा मनात एक लाखावर अठरा हजार असा गुणाकार करून मोकळा होतो. पण हे कर्ज मासिक हप्त्यांनी फिटते. एक लाख रुपये १८ टक्क्यांनी बारा महिन्यांसाठी दिले, तर महिन्याचा हप्ता साधारण ९,१६८ रुपयांचा बसतो. पहिल्या हप्त्यात व्याज दीड हजार असते, शेवटच्यात जेमतेम १३५. वर्षाअखेरीस हातात एकूण व्याज येते १०,०१६ रुपये. यात फसवणूक काही नाही. दर खरोखर १८ टक्केच आहे, पण तो घटत्या शिल्लकीवर आहे, आणि वर्षभरात आपली सरासरी शिल्लक लाखाच्या निम्म्याहून थोडीशीच वर होती. पूर्ण लाखावर अठरा टक्के हवे असतील, तर परत आलेला प्रत्येक हप्ता त्याच दिवशी नव्या, तितक्याच चांगल्या कर्जदाराला द्यावा लागेल. पैसे चार दिवस रिकामे बसले की तेवढा दर खाली येतो.

याच्या उलटा खेळ कर्जदाराच्या बाजूने होतो. त्याला ‘फ्लॅट १२ टक्के’ असे सांगितले जाते. लाखावर बारा हजार व्याज, एकूण एक लाख बारा हजार, भागिले बारा. हप्ता येतो ९,३३३ रुपयांचा. प्रत्यक्षात हा दर घटत्या शिल्लकीवर जवळपास साडेएकवीस टक्के भरतो. महाराष्ट्रातल्या बाजारपेठेत अजूनही ‘शेकडा दोन’ म्हटले की ते महिन्याचे समजायचे असते. म्हणजे वर्षाचे सरळ व्याजाने चोवीस आणि चढत्या व्याजाने २६.८ टक्के. सावकाराशी बोलताना हे सगळ्यांना तोंडपाठ असते. मोबाइलच्या पडद्यावर तोच माणूस ‘१.५% दरमहा’ वाचून स्वस्त कर्ज मिळाले असे समजतो. म्हणूनच २०१७ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने व्याज वार्षिक टक्केवारीतच दाखवण्याची सक्ती केली. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या दस्तऐवजातले हे सर्वात उपयोगी कलम.

पण खरी गोम बुडीत कर्जात आहे. वरचेच एक लाख शंभर जणांना एकेक हजार असे वाटून दिले असे धरा. सगळ्यांचा दर १८ टक्के, मुदत बारा महिने. त्यातल्या सहा जणांनी पहिल्या हप्त्यापासूनच तोंड दाखवले नाही. उरलेल्या चौऱ्याण्णव जणांनी एकही हप्ता चुकवला नाही. तुमच्याकडे परत येतात १,०३,४१५ रुपये. अठरा टक्क्यांचा प्रत्यक्ष दर झाला सव्वासहा टक्के. शंभरातले सहा बुडाले तर दरातून सहाच वजा व्हावेत, असे मनाला वाटते; वजा होतात जवळपास बारा. कारण बुडणारा माणूस मुद्दल घेऊन जातो, आणि फेडणारे देतात ते घटत्या शिल्लकीवरचे व्याज. याच हिशेबाने शंभरातले नऊ गेले की वर्षाचे जवळजवळ सगळे व्याज संपते आणि दहावा गेला की मुद्दलाला हात लागतो. पहिल्या हप्त्यापासून बुडणे हे उदाहरण थोडे कडक आहे, हे खरे. प्रत्यक्षात कोणी चार हप्ते देतो, कोणी आठ, आणि तोटा त्या प्रमाणात कमी होतो. पण दिशा बदलत नाही.

मग आयकर येतो. चौऱ्याण्णव जणांकडून मिळालेले व्याज ९,४१५ रुपये. ते ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून तुमच्या कराच्या टप्प्यात धरले जाते. बुडालेले सहा हजार मात्र त्यातून वजा होत नाहीत. ज्याचा पैसे देण्याचा व्यवसाय नाही अशा व्यक्तीच्या बाबतीत कायद्याचा हाच अर्थ सर्रास लावला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस उपकरासह २,९३७ रुपये भरतो. हातात आलेला नफा होता ३,४१५; उरले ४७८. प्लॅटफॉर्मचे शुल्क एक टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर ११८० रुपये जातात आणि हिशेब तोट्यात उतरतो. हे शुल्क करपात्र उत्पन्नातून वजा करू दिले, तरी तोटा पूर्ण भरून निघत नाही. कागदावर अठरा, हातात शून्याखाली. ज्याला कर लागत नाही अशा माणसाला याच व्यवहारात सव्वादोन हजार रुपये सुटतात. एकच कर्ज, एकच दर, आणि दोन गुंतवणूकदारांना दोन वेगळे निकाल. हे उदाहरण मी मुद्दाम रचलेले आहे, पण त्यातला एकही आकडा अवास्तव नाही.

म्हणून कर्जदाराच्या नावापुढचा दर हे उत्पन्न समजू नये. तो माणूस बुडण्याच्या शक्यतेची ती किंमत आहे. जो नोकरदार बँकेतून ११ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घेऊ शकतो, तो २४ टक्के द्यायला इथे का येईल? जे येतात त्यांच्यात क्रेडिट इतिहासच नसलेले तरुण असतात, हंगामापुरते खेळते भांडवल हवे असलेले दुकानदार असतात, क्रेडिट कार्डाची थकबाकी फिरवणारे असतात, आणि आधीच चार ठिकाणी हप्ते थकवलेलेही असतात. यातले पहिले दोन गट बँकेने उगाच नाकारलेले, चांगले ग्राहक असू शकतात. पीटूपीचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा आहे, आणि तो पोकळ नाही. अडचण एवढीच की पहिल्या दोघांना शेवटच्या दोघांपासून वेगळे काढण्याचे काम प्लॅटफॉर्मच्या गणितावर सोडलेले असते, आणि ते गणित चुकले तर पैसे आपले जातात.

हे सगळे जगाने आधी अनुभवले होते. ब्रिटनमध्ये झोपा ही कंपनी २००५ मध्ये सुरू झाली, अमेरिकेत त्यानंतर प्रॉस्पर आणि लेंडिंग क्लब. प्रॉस्परची सुरुवातीची कल्पना गमतीची होती: व्याजाचा दर लिलावात ठरायचा. कर्जदार आपली गोष्ट लिहायचा, फोटो लावायचा, आणि देणारे एकमेकांपेक्षा कमी दर बोलत जायचे. बाजारच खरी किंमत शोधेल, हा विश्वास. त्या काळातल्या, म्हणजे २००६ ते २००८ मधल्या, एक तृतीयांशाच्या आसपास कर्जे बुडाली. मंदीचा वाटा त्यात होताच, पण हौशी माणसे लिलावाच्या भरात बुडण्याची किंमत फार कमी लावतात, हेही दिसले. २०१० च्या अखेरीस प्रॉस्परने लिलाव बंद केला आणि दर स्वतः ठरवायला सुरुवात केली. लेंडिंग क्लबने आधीपासूनच ए ते जी अशा श्रेणी पाडून प्रत्येकीला दर लावला होता. ‘थेट माणसाकडून माणसाला’ या कल्पनेतला अर्धा भाग तिथेच गळला. दर ठरवणारी संस्था मधे आलीच.

ब्रिटनमध्ये मार्च २००९ पासून बँक ऑफ इंग्लंडचा दर अर्ध्या टक्क्यावर होता आणि बचत खात्यात काहीच मिळत नव्हते. तिथे चार-पाच टक्के देणारा प्लॅटफॉर्म म्हणजे पर्वणी. मात्र या बचतकर्त्यांना कर्जदाराची निवड करण्यात रस नव्हता. त्यांना ठेव हवी होती. मग प्लॅटफॉर्मांनी राखीव निधी काढले: सगळ्यांच्या व्याजातला थोडा भाग बाजूला ठेवायचा आणि बुडीत कर्ज त्यातून भरून द्यायचे. रेटसेटर या प्लॅटफॉर्मची ओळखच या निधीमुळे होती. मे २०२० मध्ये, साथीच्या काळात, त्याच रेटसेटरने निधी कमी पडू नये म्हणून गुंतवणूकदारांचे व्याज निम्मे केले. बुडणे नाहीसे झालेले नव्हते, ते सगळ्यांमध्ये वाटून दिसेनासे केले होते. लेंडी नावाचा मालमत्ता-तारणावर कर्ज देणारा प्लॅटफॉर्म मे २०१९ मध्ये कोसळला, आणि त्याच वर्षअखेरीस तिथल्या नियामकाने नवख्या गुंतवणूकदारावर आपल्या गुंतवणूकयोग्य रकमेच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली.

पुढे काय झाले ते बोलके आहे. लेंडिंग क्लबने २०२० च्या अखेरीस किरकोळ गुंतवणूकदारांसाठीच्या नोट्स बंद केल्या आणि एक बँक विकत घेतली. रेटसेटर मेट्रो बँकेकडे गेली. झोपाने बँकेचा परवाना घेतला, २०२१ च्या शेवटी पीटूपी गुंडाळले आणि लोकांची कर्जे परत विकत घेतली. ब्रिटनच्याच फंडिंग सर्कल या प्लॅटफॉर्मने २०२२ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांना कायमचे दार बंद केले. बँकेला पर्याय द्यायला निघालेल्या या कंपन्यांपैकी ज्या टिकल्या, त्या बँकेच्या किंवा संस्थात्मक पैशाच्या आधाराने टिकल्या. ठेवी स्वस्त पडतात आणि लोकांना त्याच हव्या असतात, हे त्यांना उमगले. चीनचे प्रकरण तर निराळेच. एकेकाळी हजारोंच्या संख्येने प्लॅटफॉर्म, त्यातला एझुबाओ हा निखळ पॉन्झी घोटाळा, सुमारे नऊ लाख लोकांचे ५० अब्ज युआन अडकलेले. आणि नोव्हेंबर २०२० पर्यंत चालू प्लॅटफॉर्मांची अधिकृत संख्या शून्य.

भारताने यातून काही शिकून सुरुवात केली, हे श्रेय रिझर्व्ह बँकेला द्यायला हवे. २०१६ मध्ये विचारार्थ मसुदा आणि ४ ऑक्टोबर २०१७ रोजी निर्देश आले. या प्लॅटफॉर्मांना बिगर बँकिंग वित्तीय कंपनीचा वेगळा वर्ग मिळाला. किमान स्वनिधी दोन कोटी रुपये. एका कर्जदाराला सर्व प्लॅटफॉर्म मिळून दहा लाखांपर्यंत, एका देणाऱ्याकडून एकाच कर्जदाराला पन्नास हजारांपर्यंत, मुदत छत्तीस महिन्यांच्या आत. तारण घ्यायचे नाही आणि प्लॅटफॉर्मने कोणतीही हमी द्यायची नाही. देणाऱ्याची एकूण मर्यादा आधी दहा लाख होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती पन्नास लाख झाली, मात्र दहा लाखांच्या वर जायचे तर किमान पन्नास लाखांच्या निव्वळ मालमत्तेचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र हवे. या चौकटीचा एक परिणाम महाराष्ट्रातल्या वाचकाने ध्यानात घ्यावा. आपल्याकडे सावकारीला २०१४ चा कायदा आहे, परवाना आहे, व्याजदराची कमाल मर्यादा आहे, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू न देणाऱ्या दामदुपटीच्या तत्त्वाची जुनी परंपरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत स्पष्ट केले. म्हणजे गावातल्या परवानाधारक सावकाराला दराची जी वेसण आहे, ती या प्लॅटफॉर्मवरच्या दराला नाही. कर्जदाराच्या दृष्टीने हा प्रश्न अजून पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

२०१७ चा चांगला आराखडा २०२१ च्या सुमारास वाकू लागला. क्रेड या अ‍ॅपने ‘मिंट’ ही योजना काढली, लिक्विलोन्स या पीटूपी प्लॅटफॉर्मच्या साथीने, नऊ टक्क्यांपर्यंत परतावा सांगून. भारतपे या पेमेंट कंपनीने ‘१२% क्लब’ काढला. नावातच दर! बँकांच्या ठेवी तेव्हा पाच-साडेपाच टक्क्यांवर होत्या. अ‍ॅप उघडा, पैसे टाका, रोज व्याज जमा झालेले पाहा, हवे तेव्हा काढा. कर्जदार कोण, त्याचा दर किती, त्याने हप्ता दिला का, हे पाहण्याची गरजच वाटू नये अशी ही रचना. तिच्या आत काय चालते ते ओळखणे अवघड नव्हते. कर्जदाराकडून चोवीस किंवा तीस टक्के येतात, गुंतवणूकदाराला बारा सांगितलेले असतात. मधल्या फरकातून आधी बुडीत भरून काढायचे आणि उरेल ते शुल्क म्हणून घ्यायचे. कोणी पैसे मागितले की त्याच्या वाट्याची कर्जे नव्या येणाऱ्याच्या नावे करायची. नवे पैसे येत आहेत तोवर हे चक्र छान फिरते. २०२४ च्या निर्देशांत शुल्क एकतर ठरावीक रक्कम किंवा कर्जाच्या ठरावीक टक्क्यांत असावे आणि ते परतफेडीवर अवलंबून नसावे, असे जे कलम आहे, ते नेमके या यंत्राच्या मधल्या चाकावर घातलेला घाव आहे.

प्लॅटफॉर्मवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. छोट्या गुंतवणूकदाराला शंभर अर्ज वाचून शंभर जणांना पाचशे-पाचशे रुपये द्यायला वेळ नसतो, आणि तसे न करता तीन-चार जणांना मोठ्या रकमा देणे अधिक धोक्याचे आहे. म्हणून आपोआप वाटप करणारी यंत्रणा हवी, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. अचानक आलेल्या बंधनांमुळे चांगल्या कर्जदारांचाही पुरवठा तुटला, हेही खरे. पण आपोआप वाटप करणे वेगळे आणि तोटा लपवणे वेगळे. 

बँकही बुडू शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या ठेवीदारांच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. त्यानंतर ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. बँक बुडाली तरी ठेवीदाराला निदान एवढे कायद्याने मिळते. पीटूपीत असे काहीही नाही. तिथे वसुलीसुद्धा विचित्र असते: पन्नास हजारांचे एक कर्ज पन्नास जणांनी मिळून दिलेले, प्रत्येकाचे हजार रुपये अडकलेले. हजारासाठी कोर्टात कोण जाणार? बँकेतून हप्ता परत फिरला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली तक्रार होऊ शकते, लवादाची तरतूद असते. पण हे सगळे प्लॅटफॉर्मने करायचे, आणि त्याला ते किती परवडते यावर ठरायचे. तारण नाही, जामीनदार बहुधा नाही. थकलेल्या कर्जातून पुढे काही मिळेल असे धरूनच चालू नये.

एक आकडा मात्र आता मागता येतो आणि मागावा. बुडीत कर्जांचे प्रमाण आणि गुंतवणूकदारांनी सोसलेला तोटा प्लॅटफॉर्मने दर महिन्याला जाहीर करायचा आहे. तो वाचताना भागाकाराखाली काय आहे ते बघावे. समजा एखाद्याने पहिल्या वर्षी दहा कोटी वाटले आणि त्यातले एक कोटी बुडाले. दुसऱ्या वर्षी चाळीस कोटी वाटले, ज्यांना अजून बुडायला वेळच मिळालेला नाही. पन्नास कोटींवर एक कोटी म्हणजे दोन टक्के, असे तो सांगेल. पहिल्या वर्षाच्या कर्जांचा खरा आकडा आहे दहा टक्के. वेगाने वाढणारा प्रत्येक कर्जपुरवठादार या कारणाने निरोगी दिसतो आणि वाढ थांबली की एकाएकी आजारी पडल्यासारखा दिसतो. म्हणून विचारायचे ते ‘एकूण किती बुडाले’ असे नव्हे, तर ‘दीड वर्षापूर्वी दिलेल्या कर्जांपैकी आज किती फिटली’ असे. आणि नव्वद दिवस थकल्यावरच कर्ज बुडीत म्हणायचे ही पद्धत; त्यामुळे एकोणनव्वदाव्या दिवसापर्यंत सगळे सुरळीत दिसते, हेही लक्षात असावे.

तुलना कशाशी करायची? जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांवर ८.०५ टक्के मिळू लागले, सरकारच्या हमीने. पैसे सात वर्षे अडकतात एवढीच अट. त्या मोजपट्टीने पीटूपीने करापूर्वी, सगळे बुडीत आणि शुल्क वजा जाता बारा-तेरा टक्के तरी द्यायला हवेत. नाहीतर धोका फुकट पत्करल्यासारखा होतो. तेवढे मिळवणारे गुंतवणूकदार असतात, पण ते १४ ते १८ टक्क्यांच्या दरम्यानचे कर्जदार निवडतात, तीस टक्क्यांच्या ओळीकडे बघत नाहीत, मुदत बारा महिन्यांच्या आत ठेवतात आणि एका कर्जात एकूण रकमेच्या एक टक्क्याहून अधिक घालत नाहीत. एवढे करूनही त्यात घरखर्चाचा, मुलांच्या फीचा किंवा निवृत्तीचा पैसा घालण्याच्या मी विरोधात आहे. हा ज्याच्याकडे चार-दोन टक्के इकडेतिकडे झाले तरी झोप उडणार नाही अशा माणसाचा कोपऱ्यातला प्रयोग आहे.

तो करायचाच असेल, तर बारा महिने पैसे आत ठेवून पाहावेत, आणि शेवटी प्रत्येक रक्कम कोणत्या तारखेला गेली आणि कोणत्या तारखेला परत आली याचे विवरण उतरवून घेऊन एक्सेलमध्ये एक्सआयआरआर, म्हणजे तारखांनुसार मोजलेला वार्षिक परतावा, काढावा. अ‍ॅपच्या पहिल्या पानावरचा दर आणि हा आकडा यांत तीन-चार टक्क्यांचा फरक असला, तर तो बहुधा बुडालेल्या कर्जांचा आणि शुल्काचा असतो. ज्या प्लॅटफॉर्मवर असे तारीखवार, कर्जवार विवरण मिळत नाही, तिथे दर कितीही असला तरी खाते उघडण्याचे कारण मला दिसत नाही.